रीफ टाकीतली आगंतुक समुद्रफुलं: एप्टेशिया आणि मजानो कसे आवरायचे

नव्या रीफ टाकीला, म्हणजे प्रवाळ पाळायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीला, दोन-तीन महिने झाले की एखाद्या सकाळी लाइव्ह रॉकच्या, म्हणजे समुद्री जीव वस्तीला असलेल्या खडकाच्या, भेगेतून काचेसारखं अर्धपारदर्शक, तपकिरी झाक असलेलं एक छोटं फूल डोकावताना दिसतं. पैसे न मोजता ॲनिमोन (फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) मिळालं म्हणून नवखा माणूस हरखतो. महिन्याभराने तशीच सात-आठ दिसतात, तेव्हा तो चिमटा घेऊन ती उपटायला बसतो. त्याच्या पुढच्या महिन्यात मोजणं सोडून द्यावं लागतं.

या फुलांशी लढताना सगळ्यात जास्त नुकसान घाईमुळे होतं. म्हणून आधी ओळख, मग मोजणी, आणि त्यानंतरच हत्यार असा क्रम ठेवा. खालची मापं घरगुती, म्हणजे साधारण 80 ते 400 लीटरच्या टाक्यांसाठी आहेत.

आधी ओळख पटवा

एप्टेशियाचा देठ लांब आणि सडपातळ असतो. वर पसरट तबकडी, मधोमध तोंड, आणि कडेने बारीक, टोकाकडे निमुळती होत जाणारी शुंडकं, म्हणजे तोंडाभोवतीची बोटं. पूर्ण वाढलेल्या फुलाची तबकडी 2-3 सेंमी भरते. काडी जवळ नेली की ते क्षणात भेगेत दडी मारतं. जास्त छेडलं तर देठाच्या बाजूने पांढरे धागे बाहेर टाकतं. हे धागे दंशपेशींनी भरलेले असतात. शेजारच्या प्रवाळाचं मांस जळतं ते या धाग्यांनी आणि शुंडकांनी.

मजानो बुटकं आणि जाड असतं. शुंडकं आखूड, टोकाला फुगीर, रंग हिरवट किंवा तपकिरी. क्लाउनफिशसाठी विकलं जाणारं बबल टिप ॲनिमोन लहानपणी थोडं असंच दिसतं, त्यामुळे मजानो महिनोन्‌महिने लाडाने पोसलं जातं. पण बबल टिप खडकासोबत फुकट येणं फार विरळा. एक इंचाचं, फुगीर टोकांचं, आणि शेजारी स्वतःसारखीच चार पिल्लं असलेलं फूल दिसलं तर ते मजानोच धरून चाला.

निरपराधही ओळखायला हवेत. फेदरडस्टर हा नळीत राहणारा किडा आहे. त्याचा पिसांचा तुरा नळीत सरकतो आणि नळी तशीच उभी राहते. बॉल ॲनिमोनच्या शुंडकांच्या टोकाला गोल, बहुधा नारिंगी मणी असतात; ते रात्री उघडतं आणि सहसा उपद्रव करत नाही. डंकन किंवा इतर प्रवाळांचे सुटे पॉलिप, म्हणजे वसाहतीतले एकेक जीव, हेही गोंधळात टाकतात, पण त्यांच्या तळाला कडक सांगाडा असतो. शंका असेल तर दोन दिवस थांबा आणि निळा दिवा बंद करून साध्या पांढऱ्या उजेडात फोटो काढा. निळ्या उजेडात सगळंच चमकतं आणि सगळंच मौल्यवान वाटतं.

उपटल्याने वाढतं ते का

पुराणातल्या रक्तबीजासारखा हा प्रकार आहे. एप्टेशिया खडकावर सरकतं तेव्हा त्याच्या पायाच्या तळाचे बारीक तुकडे मागे राहतात, आणि प्रत्येक तुकड्यातून काही दिवसांत तोंड आणि शुंडकं असलेलं नवं फूल तयार होतं. तुम्ही खरवडता तेव्हा हेच काम त्याच्या वतीने, जास्त वेगाने करता. तुटलेले तुकडे प्रवाहाबरोबर टाकीभर, आणि ओव्हरफ्लोतून, म्हणजे वरचं पाणी वाहून जाण्याच्या पेटीतून, संपमध्ये, म्हणजे फिल्टरच्या वेगळ्या टाकीत पोचतात. मजानो आपल्या शरीराचे उभे दोन भाग करून वाढतं, म्हणून ते पसरण्याऐवजी एकाच जागी गालिच्यासारखं दाटतं.

या चिवटपणामुळेच प्रयोगशाळांनी एप्टेशियाला जवळ केलं आहे. प्रवाळ आणि त्याच्या पेशीत राहणारं सूक्ष्म शैवाल यांचं नातं अभ्यासायला ते मुद्दाम वाढवलं जातं; 2015मध्ये त्याचा संपूर्ण जनुकसंचही प्रसिद्ध झाला. त्याच्याही पेशीत तसंच शैवाल असतं, त्यामुळे उजेडावर ते जगतं. आणि उजेड नसेल तर पांढरं पडून, वाहत आलेल्या अन्नकणांवर जगतं. म्हणून खडक अंधारात ठेवून फुलं मारण्याचा सल्ला कोणी दिला तर तो सोडून द्या. त्या अंधारात तुमची बाकीची जीवसृष्टी आधी मरेल.

मोजा, मग ठरवा

दिवे बंद झाल्यावर तासाभराने टॉर्च घेऊन बसा. पाण्यात गोठवलेल्या मायसिस कोळंबीचा थोडा रस सोडा. वास लागला की लपलेली फुलंही उघडतात. खडकांचा मागचा भाग, ओव्हरफ्लोची पेटी, संपमधल्या काचेच्या आडभिंती, गोगलगायींचे शंख आणि फ्रॅग प्लगची, म्हणजे प्रवाळाचा तुकडा चिकटवलेल्या छोट्या चकतीची, खालची बाजू बघा. आकडा आणि जागा लिहून ठेवा.

दहाच्या आत असतील तर एकेकाला टिपून मारा. दहा ते पन्नासच्या दरम्यान मोठी टिपायची आणि लहानांसाठी खाणारा प्राणी आणायचा. त्याहून जास्त असतील तर सुई बाजूला ठेवा. तिथे फक्त भक्षक प्राणी किंवा खडक बाहेर काढणं हेच चालतं. पन्नास फुलांवर रोज पाच-पाच टोचत बसलात तर मागची पुढच्यांपेक्षा वेगाने उगवतात.

चुन्याची पेस्ट: मुख्य हत्यार

रीफ पाळणारे ज्याला काल्कवासर म्हणतात ती आपली चुन्याची निवळीच. भुकटी म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. त्याच्या संपृक्त द्रावणाचा पीएच 12.4च्या आसपास असतो, आणि एवढ्या क्षारतेत फुलाचं मांस जळून विरघळतं. उरलेला चुना टाकीत कॅल्शियम आणि आल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता) म्हणूनच जातो, परकं काही मागे राहत नाही. म्हणून स्वस्त उपायांमध्ये हाच सगळ्यात भरवशाचा.

चुना कुठला, हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो, कारण पानाच्या टपरीवरची डबी समोरच असते. ती वापरू नका. त्यात चुन्याखेरीज काय मिसळलंय ते डबीवर लिहिलेलं नसतं. रंगकामाचा चुना तर मुळीच नको; त्यात मॅग्नेशियमपासून मातीपर्यंत काहीही असतं. रसायनं विकणाऱ्या दुकानातून खाद्य दर्जाचा किंवा प्रयोगशाळेच्या दर्जाचा कॅल्शियम हायड्रॉक्साइड घ्या. नाव नीट वाचा: कॅल्शियम क्लोराइड आणि कॅल्शियम कार्बोनेट ही वेगळी रसायनं आहेत. डबा उघडा राहिला तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने चुन्याचा हळूहळू खडू होतो आणि तो काही मारत नाही. चिमूटभर भुकटीवर व्हिनेगरचे दोन थेंब टाका. जोरात फसफसलं तर ती भुकटी संपली असं समजा.

प्रमाण महत्त्वाचं आहे. 1 ग्रॅम कोरडी भुकटी 100 लीटर पाण्यात पूर्ण विरघळली तर आल्कलिनिटी सुमारे 0.75 डीकेएचने (हे ती मोजायचं एकक) वाढते आणि पीएच साधारण 0.3ने उडी घेऊ शकतो. ही उडी प्रवाळांना मानवत नाही. म्हणून 100 लीटर खऱ्या पाण्यामागे दिवसाला अर्ध्या ग्रॅमवर जाऊ नका. खरं पाणी म्हणजे खडक आणि वाळूची जागा वजा करून; 120 लीटरच्या टाकीत ते बहुधा 100च्या आसपास भरतं. अर्धा ग्रॅम मोजायला सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा हवा. एवढ्यात लहान-मध्यम आकाराची चार-पाच फुलं होतात.

लागणारं सामान: औषधाच्या दुकानातून 3 मिलीची सिरिंज आणि 18 गेजची सुई. इन्सुलिनची सुई पातळ द्रवाला ठीक, पण चुन्याने पहिल्याच दाबाला तुंबते. सुईचं धारदार टोक कानशीने बोथट करा. खोल टाकीत हात पोचत नसेल तर सुईऐवजी एअरपंपाची कडक नळी सिरिंजला जोडा. हातात नायट्राइलचे मोजे, डोळ्यांवर चष्मा. चुन्याची भुकटी डोळ्यांत गेली तर गंभीर इजा होते. तसं झालंच तर भरपूर वाहत्या पाण्याने डोळा धुऊन थेट डॉक्टरांकडे जा.

1. 1 ग्रॅम भुकटीला 2 मिली आरओ पाणी घालून कालवा. दाटपणा भज्यांच्या पिठासारखा हवा. त्याहून पातळ झालं तर ढगासारखं उडतं, घट्ट झालं तर सुईतून येत नाही. हे मिश्रण 100 लीटरच्या टाकीला दोन दिवसांच्या वाट्याचं आहे. निम्मंच सिरिंजमध्ये भरा, उरलेलं टाकून द्या. उद्यासाठी ताजं करा.

2. रिटर्न पंप (संपमधलं पाणी टाकीत परत आणणारा), वेव्हमेकर (टाकीत प्रवाह तयार करणारा) आणि स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारा) बंद करा. मासे घुटमळत असतील तर त्यांना टाकीच्या दुसऱ्या टोकाला आधी खाऊ घाला. काही मासे पांढरा गोळा अन्न समजून तोंडात घेतात.

3. पाणी स्थिर व्हायला पाच मिनिटं थांबा. मिटलेल्या फुलाजवळ मायसिसचा रस सोडा. ते पूर्ण उघडेपर्यंत पुढचं पाऊल नाही.

4. सिरिंज फुलाच्या बाजूने, हळू न्या. वरून सावली पडली की ते मिटतं. टोक तोंडापासून 2-3 मिलीमीटरवर आणा आणि पेस्ट अगदी सावकाश सोडा. आधी एक थेंब तोंडावर. फूल तो आत ओढू लागलं की उरलेली पेस्ट तबकडी आणि देठ झाकेल इतकी. एका फुलाला साधारण पाव मिली.

5. ते मिटून भेगेत गेलं तर भेगेचं तोंडच पेस्टने बुजवा. सुई भेगेत खुपसून ढवळू नका.

6. पंधरा-वीस मिनिटं काहीही चालू करू नका. मग वरचा सैल चुना बारीक नळीने सायफन करून काढा आणि त्यानंतरच आधी वेव्हमेकर मंद गतीवर, शेवटी रिटर्न पंप चालू करा.

7. सिरिंज आणि सुई लगेच व्हिनेगरने धुवा. उद्या धुऊ म्हटलं तर उद्या ती दगड झालेली असते.

पेस्ट प्रवाळावर पडली तर बेस्टरने (रबरी फुग्याच्या मोठ्या पिचकारीने) किंवा रिकाम्या सिरिंजने तिथल्या तिथे पाणी मारून उडवा. जिथे फूल प्रवाळाच्या अगदी मांसाला खेटून आहे तिथे चुना वापरूच नका. तिथलं काम प्राण्यांचं.

पद्धत फसण्याची कारणं ठरलेली आहेत. प्रवाह चालू ठेवून टोचणं, फक्त शुंडकांवर पेस्ट टाकून पाय मोकळा सोडणं, आणि उत्साहाच्या भरात एकाच रविवारी वीस फुलं मारणं. शेवटच्या चुकीत पीएचबरोबर मेलेल्या मांसाचा अमोनियाही वाढतो, आणि 60-80 लीटरच्या टाकीत तो लगेच जाणवतो. मोहिमेच्या काळात ॲक्टिव्हेटेड कार्बन चालू ठेवा आणि आठवड्याला 10-15 टक्के पाणी बदला. आल्कलिनिटी दर दोन दिवसांनी मोजा.

सातव्या आणि चौदाव्या दिवशी त्याच जागा टॉर्चने पुन्हा तपासा. मारलेल्या फुलाच्या भोवती टाचणीच्या डोक्याएवढी पारदर्शक पिल्लं दिसली तर नवल नाही. मरता मरता ते तळाचे कण मागे सोडून जातं. ती त्याच आठवड्यात टिपली तर तिथली वंशावळ संपते.

बाटलीतली औषधं, लिंबू आणि बाकीचे घरगुती प्रयोग

रेड सीचं एप्टेशिया-एक्स किंवा त्यासारखं तयार औषध वापरायला सोपं आहे: बाटली जोरात हलवा, प्रवाह बंद करा, तोंडाजवळ दोन-तीन थेंब सोडा, फूल ते अन्न समजून गिळतं आणि आत ओढलं जाऊन कोलमडतं. बाटलीवरची दिवसाची मर्यादा पाळा. पंधरा-वीस फुलांपर्यंत याचा खर्च परवडतो, पुढे चुना बरा.

लिंबाचा रस किंवा व्हिनेगर देठात टोचला तर फूल मरतं, पण सुई नेमकी देठात घुसायला हवी, आणि ती घुसण्याआधीच फूल आत गेलेलं असतं. बाहेर सांडलेलं आम्ल शेजारच्या प्रवाळाला भाजतं. कॉस्टिक सोडा घरात आणूच नका. चुना जे करतो तेच तो करतो, फक्त तुमच्या कातडीलाही. विद्युत कांडी आणि लेझरही मिळतात. कांडीने मजानो बऱ्यापैकी मरतो, पण खाऱ्या पाण्यात वीज खेळवली की क्लोरीन तयार होतो, त्यामुळे एका बैठकीत दोन-चार फुलांपेक्षा जास्त नाही. लेझरचं काचेवरून परावर्तन डोळा कायमचा घालवू शकतं. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

भोकात शिरून बसणाऱ्या एखाद्या फुलासाठी सुपरग्लू जेल कामाला येतं. फूल आत गेलं की भोकाच्या तोंडावर जेलचा गोळा दाबून बसवा. खडक सच्छिद्र असेल तर ते दुसऱ्या दाराने बाहेर येतं. त्यामुळे हा उपाय एकाच तोंडाच्या भोकापुरता.

काच, पाइप आणि फ्रॅग प्लग

गुळगुळीत काचेवरचं फूल हा एकच अपवाद, जिथे खरवडणं चालतं. तेही नीट: पंप बंद, एका हातात पाते, दुसऱ्या हातात सायफनची नळी पात्याला टेकलेली. पाते पायाच्या खालून एका दमात सरकवा, फूल थेट नळीतून बादलीत. मग त्या जागी चुन्याचा पातळ हात फिरवा. वेव्हमेकर, हीटरचं आवरण, पाइपचे तुकडे असं सुटं सामान बाहेर काढून समभाग व्हिनेगर आणि पाण्यात रात्रभर बुडवा.

फ्रॅग प्लगवर एप्टेशिया असेल तर प्लगशी भांडत बसू नका. बोन कटरने प्रवाळ बुंध्यापासून कापा, नव्या प्लगवर सुपरग्लू जेलने चिकटवा, जुना प्लग फेका.

पेपरमिंट कोळंबी

लहान एप्टेशिया खाणारा सगळ्यात परवडणारा प्राणी हाच, फक्त दुकानात खरी पेपरमिंट मिळायला हवी. लिस्माटा वुर्डेमानी आणि तिच्या जवळच्या जाती मूळच्या पश्चिम अटलांटिकच्या. आपल्याकडे येणारा माल बहुतांशी हिंद-पॅसिफिकमधला, आणि त्यात कॅमल कोळंबी सर्रास पेपरमिंट म्हणून विकली जाते. ती एप्टेशियाकडे फारसं बघत नाही, झोआंथिड (गालिच्यासारखे पसरणारे मऊ पॉलिप) आणि इतर पॉलिप मात्र खाते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात तसं होतं.

फरक दुकानातच ओळखा. पेपरमिंटचं अंग अर्धपारदर्शक, त्यावर लाल उभ्या-आडव्या रेघा, पाठ जवळपास सरळ. कॅमलची पाठ उंटासारखी कुबडी, डोळे मोठे, लाल अंगावर ठसठशीत पांढऱ्या रेघा आणि ठिपके, आणि नाकावरचं टोक वर-खाली हलतं. दुकानदार घाई करत असेल तर घेऊ नका.

100 लीटरमागे दोन ते तीन कोळंब्या पुरेत. पिशवीतलं पाणी थेंब-थेंब बदलत किमान तासभर जुळवून घ्या. पाण्याच्या खारेपणातला झटका कोळंबीला सहन होत नाही. रात्री, दिवे गेल्यावर सोडा. पुढचे दोन आठवडे माशांना हात आखडून खायला घाला, नाहीतर ती आयतं मायसिस खाऊन फुलांकडे पाठ फिरवते. साधारण 1 सेंमीपेक्षा मोठ्या फुलांच्या वाटेला ती सहसा जात नाही, म्हणून मोठी आधी चुन्याने मारा. मजानोही तिच्याकडून होत नाही.

टाकीत हॉकफिश, रास जातीचे मोठे मासे, ट्रिगर किंवा लायनफिश असतील तर ही कोळंबी म्हणजे महागडं जेवण. तांब्याचं औषध पूर्वी वापरलेल्या टाकीत ती टिकत नाही. आणि सकाळी वाळूवर पोकळ, पारदर्शक कोळंबी पडलेली दिसली तर शोक करू नका. बहुधा ती कात आहे. मालकीण खडकामागे नव्या कवचाची वाट बघत असते.

बर्घिया: हळू, पण मुळापासून

बर्घिया स्टेफनीए ही 1 ते 2 सेंमीची, पाठीवर पिसांसारखे तंतू असलेली समुद्री गोगलगाय. ती एप्टेशियाखेरीज दुसरं काही खात नाही. प्रवाळांना धोका शून्य, आणि भेगांत, मागच्या बाजूला, जिथे सुई पोचत नाही तिथे ती पोचते. भारतात ती नेहमी मिळेल असं नाही. एखाद्या पैदासकाराकडून मिळत असेल तर ताज्या, फिरत्या गोगलगायी घ्या.

40 लीटरमागे एक, आणि टाकी कितीही लहान असली तरी किमान पाच-सहा. एकत्रच सोडा, कारण त्या उभयलिंगी असल्या तरी प्रजननाला जोडीदार लागतो, आणि अंडी घातली तरच मोहीम पुढे सरकते. पांढरी, गोल गुंडाळलेल्या दोऱ्यासारखी अंडी काचेवर किंवा खडकावर दिसतात. साधारण दोन आठवड्यांत पिल्लं बाहेर येतात. रात्री पंप बंद करून पिपेटने फुलांच्या जवळ सोडा, तासभर प्रवाह बंदच ठेवा. ओव्हरफ्लोच्या दातांना बारीक जाळी लावा आणि वेव्हमेकरच्या तोंडावर स्पंज बसवा.

यानंतर महिना-दीड महिना काहीच घडत नाही असं वाटतं. गोगलगायी दिवसा दिसत नाहीत आणि लोक त्या मेल्या असं समजून चुना काढतात. तसं करू नका. चुन्याने त्याही मरतील. पुसट बदल आधी खडकाच्या मागच्या, सावलीतल्या बाजूला दिसतो: तिथली लहान फुलं नाहीशी होतात. पूर्ण सफाईला तीन-चार महिनेही लागतात. सिक्स-लाइन रास मासा आणि पेपरमिंट कोळंबी या गोगलगायींना खातात. म्हणजे कोळंबी किंवा बर्घिया, दोन्ही एकदम नाही. शेवटचं फूल संपलं की त्या उपाशी मरतात, म्हणून आधीच एखाद्या पीडित शेजाऱ्याला देऊन टाका.

माशांबद्दल थोडक्यात

कॉपरबँड बटरफ्लाय एप्टेशिया आवडीने खातो, पण त्याला 400 लीटरच्या वरची, मुरलेली टाकी लागते, आणि गोठवलेलं अन्न न घेतल्यामुळे अनेक मासे काही आठवड्यांत उपाशी मरतात. दुकानात तुमच्यासमोर खाताना दिसला तरच विचार करा. ब्रिसलटेल फाइलफिश, म्हणजे ॲक्रेइक्थिस टोमेंटोसस, लहान टाकीला जास्त जुळतो आणि अन्नही पटकन घेतो. मात्र झोआंथिड आणि मांसल प्रवाळांना तो कधी तोंड लावेल ते सांगता येत नाही. रॅकून बटरफ्लाय फुलांबरोबर प्रवाळही फस्त करतो. तो फक्त माशांच्या टाकीसाठी.

खडक बाहेर काढायचा झाला तर

एकाच खडकावर सगळी वस्ती असेल तर तो खडक काढणं हा सगळ्यात स्वच्छ उपाय. दोन-चार फुलं असतील तर खडक पाण्याबाहेर घेऊन छिन्नीने फुलाभोवतीचा 1 सेंमीचा तुकडाच उडवा. पूर्ण भरलेला खडक मात्र निर्जंतुकच करावा लागतो. त्यावर प्रवाळ नसेल तर एक भाग घरगुती ब्लीच आणि दहा भाग पाणी यात 24 तास, मग साध्या पाण्यात दोन-तीनदा धुवा, क्लोरीन काढणारं द्रव्य घालून एक दिवस, आणि शेवटी उन्हात कोरडा. एप्रिल-मेच्या उन्हात आठवडाभर पुरतो; पावसाळ्यात हे काम काढू नका, खडक आतून ओलाच राहतो. असा खडक निर्जीव झालेला असतो, टाकीत परत घालण्याआधी वेगळ्या बादलीत पुन्हा सायकल करून घ्या, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू त्यावर पुन्हा वाढू द्या. ब्लीचच्या बादलीत व्हिनेगर कधीही ओतू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

एक गोष्ट मात्र कुठल्याही परिस्थितीत करू नका: लाइव्ह रॉक उकळू नका, त्यावर उकळतं पाणी ओतू नका, सुका खडक घरात ब्रशने घासू नका. खडकावर झोआंथिड किंवा पॅलिथोआ असतील तर त्यातलं पॅलिटॉक्सिन वाफेतून आणि तुषारातून हवेत येतं. अतिशय घातक विष आहे हे. खडक उकळल्यामुळे संपूर्ण कुटुंबं रुग्णालयात पोचल्याची उदाहरणं नोंदली गेली आहेत. तोंडात धातूसारखी चव, धाप, ताप, अंगदुखी जाणवली तर खोली सोडा आणि डॉक्टरांना पॅलिटॉक्सिन हा शब्द सांगा.

पुन्हा येऊ नयेत म्हणून

ही फुलं हवेतून येत नाहीत. लाइव्ह रॉक, फ्रॅग प्लग, शंख आणि रेफ्युजियमसाठी (शैवाल वाढवायच्या वेगळ्या कप्प्यासाठी) आणलेलं समुद्री शैवाल, एवढेच त्यांचे रस्ते. टाकी नव्याने मांडत असाल तर कोरड्या कृत्रिम खडकाने सुरुवात करा; उशीर होतो, पण आगंतुक येत नाहीत. मालवणच्या किंवा कच्छच्या किनाऱ्यावरून खडक उचलून आणण्याचा विचार मनातही आणू नका. आपल्या समुद्रातले प्रवाळ 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि मालवणचा किनारा 1987पासून सागरी अभयारण्य आहे.

विकत आणलेला प्रत्येक प्रवाळ आधी भिंगाखाली तपासा, विशेषतः प्लगचा दांडा. कोरल डिप, म्हणजे प्रवाळ बुडवून काढायचं औषध, किड्यांना आणि चपट्या कृमींना मारतं, एप्टेशियावर त्याची भिस्त ठेवू नका. 20-30 लीटरची छोटी विलगीकरण टाकी, स्पंज फिल्टर, हीटर आणि साधा एलईडी एवढ्यावर काम भागतं. तिथे किमान चार आठवडे प्रवाळ ठेवा. उरलेला तळाचा कण डोळ्यांना दिसण्याइतकं फूल व्हायला दोन-तीन आठवडे घेतो, त्यामुळे पाच दिवसांच्या विलगीकरणाला अर्थ नाही. आठवड्यातून दोनदा रात्री मायसिसचा रस सोडून टॉर्चने बघा.

मुख्य टाकीत खाणं मोजकं ठेवा. नायट्रेट 5-10 पीपीएम आणि फॉस्फेट 0.03 ते 0.1 पीपीएमच्या दरम्यान असलं की फुलांची वाढ मंदावते. दोन्ही शून्यावर नेऊ नका, एप्टेशियाऐवजी डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्मजीवांचा तपकिरी चिकटा गळ्यात पडेल.

सायफन केलेलं पाणी, कापलेले प्लग आणि मारलेली फुलं ज्या बादलीत जमा होतात तिच्यात कपभर ब्लीच घालून एक रात्र ठेवा आणि मगच ओता. खाडीत, ओढ्यात किंवा समुद्रात त्यातला एक थेंबही नको. एप्टेशिया कोमट खाऱ्या पाण्यात कुठेही रुजतं.